फरशीवरची गाडी, सतरंजीवरची गाडी

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
८ जुलै २००३

प्रिय रुथ,

पाकिटावरचं अक्षर बघून तू ओळखलं असशीलच. फोनवर तू नेहमी घाईत असतेस आणि मला एका दमात काही सांगता येत नाही. शिवाय आपली मैत्री मुळात चिठ्ठ्यांचीच. कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात मराठी बोललं की कोपऱ्यात उभं राहावं लागायचं, म्हणून आपण वहीच्या मागच्या पानावर मराठीत लिहून बोलायचो. ती सवय काही माझी जात नाही.

बातमी अशी की मी पुन्हा शाळेत जायला लागले. मुर्ध्याच्या रस्त्यावर एक छोटी मराठी शाळा आहे. तिथल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मोठ्या बाईंना घाईने कुणीतरी हवं होतं. “शिकवाल ना?” असं त्यांनी विचारलं आणि विषय कुठला हे ऐकायच्या आधीच मी हो म्हणून बसले. विषय निघाला चौथीचं विज्ञान. त्यातही बल, गती आणि घर्षण. मी जन्मभर मराठी आणि सुलेखन शिकवलेली बाई.

काम तूर्त जानेवारीपर्यंत. जानेवारीत पालकांसमोर मुलांचे प्रयोग होतात. ते बघून मोठ्या बाई ठरवणार, मला पुढे ठेवायचं की नाही. आणि रुथ, मला हे काम हवंय. गिरगाव सोडून इथे आल्यापासून दुपारी सोसायटीत फक्त मी आणि कबुतरं. नीरज म्हणतो, आई, आता आराम कर. आराम करून करून माझी पाठ दुखायला लागली. परवा सकाळी इस्त्रीची साडी नेसून बस पकडली, तेव्हा कितीतरी दिवसांनी आपण कुठेतरी पोचायचं आहे असं वाटलं.

तू बेळगावात इतकी वर्षं विज्ञान शिकवलंस. मला घरातल्या वस्तूंचे सोपे प्रयोग सांग. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात एक चुंबक आहे आणि बाकी झुरळं.

तुझी,
मनू

बेळगाव
१९ जुलै २००३

लाडके मनू,

घर्षण तुला माहीत नाही म्हणतेस? सासूबाईंबरोबर एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढलीस ती कशी?

पत्र वाचून इतकी हसले की रुडॉल्फ बागेतून हातात खुरपं घेऊन धावत आला. त्याला वाटलं, मला काही झालं. त्यालाही वाचून दाखवलं. तेव्हापासून माझा नवरा तुझा प्रयोग-सहायक आहे.

आता ऐक. कपाटाला कुलूपच राहू दे. कॅरम बोर्ड आण. आधी पावडर न टाकता स्ट्रायकर मारू दे, मग पावडर टाकून. दुसरं, एक गुळगुळीत फळी विटेवर टेकव आणि वरून खेळण्यातली गाडी सोड. ढकलायची नाही, नुसती सोडायची. एकदा ती खालच्या फरशीवर जाऊ दे, एकदा अंथरलेल्या सतरंजीवर. कुठे लांब जाते, ते दोरीने मोजू दे. आम्ही करून पाहिलं. आमची गाडी फ्रिजखाली गेली आणि सहायक पोटावर झोपून केरसुणीच्या दांड्याने तिला काढत होता.

करण्याआधी मुलांना विचार, काय होईल? मग त्यांच्या हाताने करू दे. मग विचार, काय झालं? बस. मधल्या वेळात तू बोलायचं नाहीस. सगळ्या प्रयोगात हेच अवघड आहे, तुला तर फारच.

वर्गात माझ्या माहेरच्या उत्तन गावचं कुणी आहे का? असलं तर कळव. रुडॉल्फने सलाम सांगितलाय.

तुझीच,
रुथ

भाईंदर
२० ऑगस्ट २००३

प्रिय रुथ,

जमलं ग बाई, जमलं. कॅरमच्या दिवशी सगळ्या वर्गाची नाकं पांढरी झाली. नीरजने बोर्ड रिक्षात घालून दिला, वर म्हणाला, आई, तू शाळेत जातेस की क्लबात? गाडीचा प्रयोग त्याहून छान झाला. फरशीवर गाडी दारापर्यंत गेली, सतरंजीवर अर्ध्यातच थांबली.

मोठ्या बाई वह्या बघून खूश आहेत. एकाही वहीत खाडाखोड नाही. मी युक्ती अशी केली की प्रयोग सुरू करायच्या आधीच ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ फळ्यावर रंगीत खडूने लिहून ठेवते. मुलं आधी ते उतरवून घेतात, मग आम्ही प्रयोग करतो. म्हणजे कुणाचं चुकायला नको. आपल्या कॉन्व्हेंटची शिस्त अशी उपयोगी पडते आहे. समास सोडलेला, शीर्षकाखाली दोन रेघा, सगळ्या वह्या जुळ्या बहिणींसारख्या.

उत्तनची एक मुलगी आहे, ट्रेसी. वडलांची होडी आहे. शेवटच्या बाकावर बसते आणि वर्षभराचं बोलणं वाचवून ठेवत असावी. मी तुझं नाव सांगितलं तर नुसती हसली. वही मात्र सगळ्यात नीटस.

तुझी,
मनू

बेळगाव
२ सप्टेंबर २००३

लाडके मनू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एक विचारते, तोंड फुगवू नकोस. निरीक्षण प्रयोगाच्या आधी कसं लिहिलं जातं?

मला सिस्टर अगाथा आठवल्या. लंबकाचं निरीक्षण आपण किती सुंदर लिहिलं होतं. आकृतीसुद्धा काढली. तुला त्यावर शाबासकी मिळाली आणि मला शाई सांडली म्हणून बोलणी. पण मने, तो लंबक कपाटातून बाहेर आल्याचं तुला आठवतं का? मला तर आठवत नाही. नन्स प्रेमळ होत्या, मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी आपल्याला जसं शिकवलं तसं तू शिकवतेस, इतकंच.

तुझ्या मुलांनी फळा पाहिला. गाडीकडे कुणी पाहिलं का?

एकदा फळा पुसून बघ. चुकू दे त्यांना. वह्या घाण होतील. होऊ देत.

रागावलीस तर रागाव, पण लिही.

रुथ

भाईंदर
१२ नोव्हेंबर २००३

प्रिय रुथ,

रागावले होते. म्हणून गणपती गेले, दिवाळी गेली, तरी लिहिलं नाही. तुझं दिवाळीचं कार्ड आलं त्याचंही उत्तर दिलं नाही. मनात म्हटलं, हिला बेळगावात बसून सांगायला काय जातं.

पण कुणीतरी मनात प्रश्न टाकून गेलं की तो काही स्वस्थ बसू देत नाही. एक दिवस फळा पुसला आणि म्हटलं, आज मी काही लिहिणार नाही. गाडी सोडा आणि दिसेल ते लिहा. मग एकाने विचारलं, बाई, मग आम्ही बघायचं कुठे? मी म्हटलं, गाडीकडे. दुसरा रडायला लागला, कारण शेजाऱ्याचं उत्तर वेगळं होतं. इशिता नावाची एक हुशार मुलगी आहे, तिने लिहिलं, “गाडी आज कंटाळली होती.” खोडरबराचा नुसता चुरा झाला. पण रुथ, त्या दिवशी तास संपल्याची घंटा मुलांना ऐकूच आली नाही.

मग पुढचं. वह्या घरी गेल्या. इशिताचे वडील जितेंद्रभाई दुसऱ्याच दिवशी हजर. त्यांचं म्हणणं, फेब्रुवारीत स्कॉलरशिपची परीक्षा, आणि या नव्या बाई उत्तरंच देत नाहीत. प्रत्येक वहीत वेगळं. घरी नक्की कुठलं पाठ करून घ्यायचं? मोठ्या बाईंनी माझी बाजू घेतली, पण मला नंतर आत बोलावून सांगितलं की पालक नाराज राहिले तर जानेवारीनंतर त्यांच्या हातात काही नाही. प्रयोगांच्या दिवशी मुलांनी स्वच्छ, बरोबर उत्तरं दिली पाहिजेत.

आता तूच सांग काय करू. दिवाळीचे लाडू छान झाले होते, ते तुला पाठवले नाहीत याचंही वाईट वाटतंय.

मनू

बेळगाव
२८ नोव्हेंबर २००३

लाडके मनू,

लाडू न पाठवल्याबद्दल माफी नाही. बाकी सगळं माफ.

“गाडी आज कंटाळली होती” हे मी चहा पिताना वाचलं आणि रुडॉल्फला शर्ट बदलावा लागला. त्या मुलीला सांभाळ. तिने निदान गाडीकडे पाहिलं.

आता हा प्रयोग करून बघ. पुठ्ठ्याच्या खोक्यात पाट्या भर, त्याला रबरबँड बांध आणि रबराने ओढायला लाव. रबर किती ताणलं ते पट्टीवर मोजायचं. मग खोक्याखाली गोल पेन्सिली आडव्या टाकून पुन्हा ओढायचं. आणि ट्रेसीला विचार, होडी वाळूवरून वर घेताना खाली काय घालतात. उत्तर तू देऊ नकोस. गप्प राहा आणि थांब.

पालकांचं मी काय सांगू? पोट तुझं, वर्ग तुझा, काळजी मला. तुझं काम टिकावं असं मलाही वाटतं. पण मुलांना उत्तर शिकवलंस तर ती उत्तरच बघतील.

रुथ

भाईंदर
९ जानेवारी २००४

प्रिय रुथ,

घाईत लिहितेय. अठरा तारखेला, रविवारी, प्रयोग आहेत.

पेन्सिलींचा प्रयोग फार रंगला. ट्रेसी बोलली. होडीखाली ओंडके कसे टाकतात, मागचा ओंडका काढून पुन्हा पुढे कसा आणतात, हे तिने पुढे येऊन हातवारे करून सांगितलं. मी इतका वेळ गप्प होते की मुलांना वाटलं माझा घसा बसलाय.

पालकांसमोर मात्र गाडीचाच प्रयोग ठेवलाय. तो मुलांच्या हातात बसला आहे, त्यात गडबड व्हायची नाही. सगळी तयारी झाली. मुलं एका सुरात बोलतात, ऐकायला फार गोड वाटतं. तू काळजी करू नकोस.

तुझी,
मनू

बेळगाव
१५ जानेवारी २००४

मने,

“एका सुरात” हे शब्द वाचले आणि लगेच लिहायला बसले. काय शिकवलंस त्यांना? पत्र वेळेत मिळालं तर एवढंच कर, त्या सुराला रविवारी सुट्टी दे.

आम्ही दोघं रविवारी चर्चमध्ये मिस्साला तुझ्यासाठी मेणबत्ती लावू. रुडॉल्फ म्हणतो, दोन लावू.

रुथ

भाईंदर
२१ जानेवारी २००४

प्रिय रुथ,

तुझं पत्र सोमवारी मिळालं, म्हणजे सगळा तमाशा झाल्यानंतर. मेणबत्त्यांचं मात्र टपालावाचून पोचलं असावं.

हो, मी घोकून घेतलं होतं. आठवडाभर रोज. “सतरंजीपेक्षा फरशीवर गाडी लांब जाते, कारण फरशीवर घर्षण कमी असते.” घाबरले होते ग. तुला तसं सरळ लिहायची हिंमत झाली नाही.

शाळेचे वर्ग लहान, म्हणून शेजारच्या लग्नाच्या हॉलमधली खालची जागा घेतली होती. मध्यभागी विटांवर दोन फळ्या, एकमेकींकडे पाठ करून. एकीच्या पुढे उघडी फरशी, दुसरीच्या पुढे आमची सतरंजी. भोवती खुर्च्यांवर पालक. पहिल्या रांगेत जितेंद्रभाई हाताची घडी घालून.

इशिताने दोन्हीकडे गाड्या सोडल्या. फरशीवरची गाडी थोडी गेली आणि दमल्यासारखी थांबली. सतरंजीवरची गेली ती गेलीच, टोक ओलांडून खुर्च्यांत शिरली. आणि माझा वर्ग छाती पुढे काढून एका सुरात म्हणाला, “सतरंजीपेक्षा फरशीवर गाडी लांब जाते, कारण फरशीवर घर्षण कमी असते.”

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं सोडताना चुकलं असेल, म्हणून पुन्हा सोडायला सांगितलं. पुन्हा तेच. आणि पोरांनी पुन्हा तेच म्हटलं, या वेळी आणखी मोठ्याने, जणू ओरडून सांगितलं तर गाडी ऐकेल. आता अख्खा हॉल हसत होता. रुथ, मला जमिनीत शिरावंसं वाटलं. आपण संपलो, उद्यापासून कबुतरं, हेच डोक्यात.

तेवढ्यात शेवटच्या ओळीतून आवाज आला.

“बाई, गेली न्हाय.”

ट्रेसी होती. सगळे वळून बघायला लागले तशी ती लाल झाली, पण थांबली नाही. “फरशीवरची गाडी लांब गेली न्हाय. सतरंजीवरची गेली. मी बघितलं.”

गप्प बस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याऐवजी मी विचारलं, “मग का नाही गेली?” आणि तोंड मिटून उभी राहिले. इतके डोळे समोर असताना नुसतं उभं राहायचं म्हणजे काय, ते तुला माहीत असेल. मी मनात कॉन्व्हेंटमधली ‘हेल मेरी’ प्रार्थना म्हणत होते, आपल्याला पाठ असलेली.

मग जे सुरू झालं ते मी शिकवलेलं नव्हतं. एक म्हणाला, चाकात माती गेली. इशिताने गाड्यांची अदलाबदल केली, तरी फरशीवरची मागेच. दुसरा म्हणाला, सतरंजी जादूची आहे, त्याला बाकीच्यांनी बसवलं. ट्रेसी तोवर फरशीवर आडवी झाली होती, फ्रॉकची पर्वा न करता, गाल जमिनीला लावून एक डोळा मिटून. उठली आणि म्हणाली, “बाई, इकडं जमीन चढते.”

कुणाच्या तरी खिशातली गोटी निघाली. फरशीवर ठेवली तर ती क्षणभर विचार करून हळूहळू सतरंजीच्या दिशेने निघाली आणि थेट कोपऱ्यातल्या मोरीकडे गेली. मुर्ध्याची एक आई कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं बाय, जेवणाचा हॉल हाय तो. पंगत उठल्यावर धुतलेलं पाणी मोरीकडं जायला नको?” या वेळी हसणं वेगळं होतं. मीही हसले.

सतरंजी उचलून दुसऱ्या फळीपुढे टाकायचं ट्रेसीनेच सुचवलं. जिकडे सतरंजी होती तिकडे फरशी, आणि फरशीच्या जागी सतरंजी. आता सतरंजीवरची गाडी जेमतेम फळीवरून उतरली आणि बसली. फरशीवरची मोठ्या बाईंच्या खुर्चीखालून निघाली ती मोरीतच. जितेंद्रभाई ओरडले, “एक मिनिट, एक मिनिट, फिर से करो,” आणि पँट वर ओढून खाली बसले. त्यांच्या मागून आणखी तिघे-चौघे. थोड्या वेळाने कार्यक्रमपत्रिका कुणाच्या लक्षातच नव्हती. बाप पोरांना विचारत होते, आता सतरंजी दुहेरी केली तर? आडवी टाकली तर? आणि पोरं आधी सांगत नव्हती. सोडून दाखवत होती.

फरशीवर घर्षण कमी असतं, हे आमचं वाक्य खोटं नव्हतंच. पण वर्गात ते एकटं पुरलं, या हॉलमध्ये पुरेना. तिथे चढही होता आणि तो आम्ही वर्गात कधी पाहिला नव्हता.

सोमवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. मी आवराआवर करायच्या तयारीनेच गेले. त्या म्हणाल्या, जितेंद्रभाईंचा फोन आला होता. मला वाटलं, झालं. तर त्यांचा प्रश्न होता की आता वहीत कुठलं उत्तर लिहायचं, पहिलं की दुसरं? मोठ्या बाईंनी मलाच विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, दोन्ही लिहा, आणि सतरंजी कुठल्या बाजूला होती तेही लिहा. त्यांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाल्या, “मनोरमाबाई, जूनपासून चौथीबरोबर तिसरीही घ्याल का? पण मला आधी सांगून ठेवा, माझी खुर्ची कुठे ठेवायची ते.”

नीरजला सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे आराम नाहीच का? मी म्हटलं, नाही.

आणि हे आजचं. तास संपता संपता ट्रेसीने हात वर केला. हो, आता तिचा हात वर असतो. म्हणाली, बाई, पाण्यात घर्षण असतं का? नसतं तर वल्हं मारायचं सोडल्यावर होडी थांबते कशी? आणि असतं तर वाळूवरून ओढायला एवढी माणसं लागतात आणि पाण्यात माझा बा एकटा तिला कसा नेतो?

मी फळ्याकडे वळले. खडू हातात होता. पाठीमागे सगळा वर्ग वाट बघत होता, वह्या उघड्या. मग मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, “मला माहीत नाही.”

इतकी वर्षं शिकवलं, पण वर्गात उभं राहून हे वाक्य आज पहिल्यांदा म्हटलं. मला वाटलं होतं, आता हसतील. हसलं कुणीच नाही. पाण्यात करून बघायला उद्या घरून परात कुणी आणायची आणि कुणाची परात मोठी, यावरून इशिता आणि ट्रेसीचं भांडण सुरू झालं होतं.

तुझी,
मनू